बेलसऱ्यांच्या नाकाची नेमणूक

रंगराव बेलसरे यांना आमच्या सोसायटीने वास घेण्यासाठी नेमलं होतं, आणि त्यांना वास येत नव्हता. हे कळायला आम्हाला आठ वर्षं लागली. आमच्याकडे किती शिकलेले लोक राहतात, ते यावरून लक्षात यावं.

वारज्यात आमची निशिगंध नावाची सोसायटी आहे. मी कल्याणी, तिची सचिव. म्हणजे टँकर आला नाही की बोलणी मला आणि आला की आभार टँकरवाल्याचे. मी पहिल्या मजल्यावर राहते. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर हिरा ओव्हाळ आणि त्यांच्या आई गोदाबाई. तिसऱ्यावर रंगराव आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई. चौथ्यावर श्रीनिवास घारपुरे. या सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. बिल्डरने तो डक्ट हवा खेळती राहावी म्हणून ठेवला होता. त्याने हवा सोडून बाकी सगळं खेळवलं.

श्रीनिवासराव बँकेतून निवृत्त झाल्यावर शनिवार पेठेतून इकडे आले. त्यांची तक्रार होती, की डक्टमधून 'तो वास' येतो. कसला, ते त्यांनी कधी उच्चारलं नाही. बोंबील किंवा सुकट हा शब्द तोंडातून गेला तर तोंड विटाळेल अशी त्यांना भीती असावी. वास दुसऱ्या मजल्यावरून येतो हे त्यांनी राहायला आल्याच्या आठवड्यातच ठरवून टाकलं, कारण दारावरची पाटी त्यांनी वाचली होती. माझ्या समोर मोहित्यांकडे रविवारी मटण शिजतं. तेव्हा श्रीनिवासराव जिन्यात थांबून, "आज काय बेत?" असं कौतुकाने विचारतात. मला या माणसाचा राग येतो, तो इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे पुन्हा पुन्हा सांगावा लागणार नाही.

त्यांनी एक ठराव आणला: इमारतीत उग्र वासाचे पदार्थ शिजवायला मनाई. हा कायद्यात बसतो का, असं हिराताईंनी विचारलं. श्रीनिवासराव म्हणाले, कायद्याचं नंतर बघू, आधी ठराव होऊ दे. मोहिते गडबडले, कारण उग्र कशाला म्हणायचं हे ठरलेलं नव्हतं. शेवटी सभेने पुणेरी तोडगा काढला. एक निःपक्षपाती माणूस नेमायचा. तक्रार आली की त्याने जागेवर जाऊन वास घ्यायचा. त्याने वास आहे असं म्हटलं, तरच ठराव मताला टाकायचा.

असा माणूस एकच होता. रंगराव वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभ्या आयुष्यात त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, मापांवर शिक्के मारले, खोटी वजनं उचलून आणली. एकदा सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला काटा त्यांनी जप्त केला होता, तोही भाऊबीजेला जेवायला गेलेले असताना. त्यानंतर आनंदीबाईंना माहेर उरलं नाही, पण रंगरावांचं नाव झालं. घरी बेलसरे पिढ्यान्‌पिढ्यांचे शाकाहारी, तेव्हा श्रीनिवासरावांचीही हरकत नव्हती. आपला माणूस, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

तक्रार आली, की रंगराव इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या मजल्यावर यायचे. जिन्यातून डक्टमध्ये उघडणाऱ्या खिडकीपाशी ताठ उभे राहायचे. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचे, थोडं तोंडाने, थोडं आवाजाने. मग गंभीरपणे सांगायचे, "वास आढळला नाही." श्रीनिवासराव नाकाला रुमाल लावून शेजारी उभे असायचे आणि रुमालातूनच चडफडायचे. असा निकाल महिन्याकाठी एखादा तरी लागायचा. ठराव तसाच पडून राहिला आणि गोदाबाईंचा तवा चालू राहिला.

आठ वर्षांनी एका सकाळी आनंदीबाई देवळात गेल्या होत्या. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, ज्योत विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला. वास चारही मजल्यांवर पसरला. आम्ही सगळे धावत खाली उतरलो, मोहिते तर दाढीच्या फेसासकट. रंगराव काही आले नाहीत. हिराताई तोंडाला ओढणी लावून वर गेल्या, तर रंगराव स्वयंपाकघराच्या दारातल्या टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होते. हिराताईंनी शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि त्यांना हाताला धरून गच्चीत नेलं.

"तुम्हाला वास आला नाही?" त्यांनी विचारलं.

"कसला?" रंगराव म्हणाले.

हिराताई नाक-कान-घशाच्या डॉक्टर आहेत. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण इमारतीत त्यांची ओळख 'तो वास' अशीच असल्यामुळे आम्ही स्वतःच ते विसरलो होतो. बेलसऱ्यांचा आवाज बंद डब्यातून आल्यासारखा येतो, ते तोंडाने श्वास घेतात, घोरणं जिन्यात ऐकू येतं, तेव्हा एकदा दाखवून जा, असं त्यांनी रंगरावांना पूर्वी दोनदा जिन्यात सांगितलं होतं. रंगराव प्रत्येक वेळी म्हणाले होते, सर्दी आहे. आठ वर्षांची सर्दी त्यांना खटकली नव्हती.

हिराताईंनी त्यांच्या नाकात बॅटरी मारून पाहिलं. दोन्ही नाकपुड्या आतून भरल्या होत्या. नाकात मांस वाढलंय, असं लोक ज्याला म्हणतात ते हे, असं त्यांनी आनंदीबाईंना समजावलं. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. नाकाच्या आणि सायनसच्या आतलं अस्तर वर्षानुवर्षं सुजत राहिलं, की त्यातून सोललेल्या द्राक्षांसारखे मऊ घोस लोंबायला लागतात. दुखत नाहीत म्हणून कळत नाहीत. हा काही कॅन्सर नव्हे, पण एकाच बाजूला वाढलं किंवा रक्त आलं तर लगेच तपासावं लागतं. वास वर जिथे कळतो तिथपर्यंत हवाच पोचत नाही, आणि वास गेला की चवही जवळजवळ जाते.

संध्याकाळपर्यंत यातलं एकच वाक्य चारही मजल्यांवर पोचलं होतं: बेलसऱ्यांच्या नाकात मांस वाढलंय. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शाकाहारी माणसाच्या नाकात मांस कसं वाढेल, यावर जिन्यात बराच खल झाला. श्रीनिवासरावांनी निष्कर्ष काढला, की खालून येणाऱ्या वासामुळेच वाढलं असणार.

मी तातडीची सभा बोलावली. श्रीनिवासरावांचं म्हणणं, आठ वर्षांचे सगळे निकाल रद्द धरावेत आणि ठराव आत्ताच मताला टाकावा. मोहिते म्हणाले, वास येत नसेल तर माणूस उलट जास्त निःपक्षपाती. यावर चक्क टाळ्या पडल्या. रंगराव उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. बिघडलेल्या काट्यावर आठ वर्षं माल तोलला, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांनी सांगितलं, की ते नाक दुरुस्त करून घेतील आणि मग शेवटचा निकाल देतील. तो निकाल मान्य करायचं सगळ्यांनी कबूल केलं. म्हणजे आता रंगरावांचं नाक उघडलं, की गोदाबाईंचा तवा बंद होणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं. मीही धरलं.

नाक उघडणार कोण, हा प्रश्न होता. हिराताईंनी उपचार करू नयेत, असं श्रीनिवासराव म्हणाले. ज्यांच्यावर तक्रार, त्यांनीच न्यायाधीशाचं नाक हाताळायचं, ही कुठली रीत? त्यांनी रंगरावांना शनिवार पेठेतल्या आपल्या ओळखीच्या वृद्ध डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाक पाहिलं आणि सांगितलं, की आधी औषधं घ्या, पण बहुधा दुर्बिणीतून ऑपरेशन लागेल, आणि ते करायला पुण्यात एक फार चांगल्या बाई आहेत. वारज्यात राहतात. ओव्हाळ. श्रीनिवासराव परत येताना रिक्षात सारखा मीटर बघत होते, असं रंगरावांनी मला सांगितलं.

हिराताईंनी काम हातात घेतलं. मी त्यांना एकदा विचारलं, की हे तुमच्याच अंगाशी येणार आहे, कळतंय ना. त्या म्हणाल्या, "त्यांना श्वास घेता येत नाही, कल्याणीताई. एवढंच मला दिसतं." मला स्वतःची लाज वाटली.

आधी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं आणि रोज नाकात स्टिरॉइडचा स्प्रे. रंगरावांनी मीठ सोनाराच्या तराजूवर मोजलं आणि स्प्रे मारताना मान नेमकी किती वाकवायची ते भिंतीवर पेन्सिलने आखून ठेवलं. आठवडे गेले तरी घोस पुरते ओसरले नाहीत. मग थोड्या दिवसांपुरत्या गोळ्या दिल्या. त्या दिवसांत एका बुधवारी दुपारी पेन्शनर संघातून ते लवकर परतले आणि घरात शिरताना त्यांना काहीतरी खमंग जाणवलं. कसलं ते कळेना. आनंदीबाई म्हणाल्या, खालून येत असेल. गोळ्या संपल्या, वास पुन्हा गेला. गोळ्या कायम घेता येत नाहीत, असं हिराताई म्हणाल्या. सीटी स्कॅन झालं, सायनस भरलेले दिसले आणि ऑपरेशन ठरलं.

श्रीनिवासरावांना संशय होता, की हिराताई एक नाकपुडी मुद्दाम अर्धी बंद ठेवतील. ऑपरेशनच्या वेळी सोसायटीचा प्रतिनिधी आत असावा, अशी त्यांनी लेखी मागणी केली. हिराताईंनी शांतपणे सांगितलं, की येऊ द्या, फक्त दुर्बीण नाकात घातली की आतलं सगळं टीव्हीवर मोठं दिसतं, ते बघून प्रतिनिधी पडला तर त्याला उचलायला माणूस नाही. मागणी मागे घेण्यात आली.

आनंदीबाईंचं मात्र मला नवल वाटलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे बसल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, की एवढी घाई काय, इतकी वर्षं चाललंच होतं ना. मला वाटलं, नवऱ्याची काळजी.

ऑपरेशन नीट पार पडलं. रंगराव दुसऱ्या दिवशी घरी आले, तोंड सुजलेलं, पण नाकाने श्वास घेत. ते सगळ्यांना तो घेऊन दाखवत होते. हिराताईंनी बजावलं, की काम संपलेलं नाही. नाक धुणं आणि स्प्रे चालूच ठेवायचा, नाहीतर घोस पुन्हा वाढतात. वासही एकदम येत नाही, हळूहळू येतो, आणि काहींचा पूर्ण येतही नाही. रंगरावांचा आला. आधी कॉफीचा, मग पुलाखालच्या रहदारीतल्या पेट्रोलचा, मग एके दिवशी स्वतःच्या जुन्या स्वेटरचा. तो स्वेटर त्यांनी ताबडतोब धुवायला टाकला.

निकालाचा दिवस रविवार ठरला. गोदाबाईंनी नेहमीसारखे बोंबील भाजायचे आणि रंगरावांनी डक्टपाशी उभं राहायचं. गोदाबाईंनी मला विचारलं, "किती भाजू? सगळ्यांना पुरतील एवढे भाजू का?" मला हसावं का रडावं कळेना.

पण रंगराव निरीक्षक होते. माल तोलण्याआधी काटा शून्यावर आहे का बघावं लागतं, असं ते मला आणि श्रीनिवासरावांना म्हणाले. ओव्हाळांच्या घरी काहीही शिजत नसताना डक्टमध्ये काय आहे, ते आधी तपासायला हवं. दर बुधवारप्रमाणे हिराताई गोदाबाईंना घेऊन येरवड्याला मावशीकडे जाणार होत्या. घराला कुलूप असणार होतं. तेव्हा बुधवारी दुपारी, कुणाला न सांगता, आम्ही तिघं दुसऱ्या मजल्यावर जमलो. रंगराव पेन्शनर संघाला जायला म्हणून घरातून निघाले आणि रस्त्यावर न जाता एक मजला उतरून आमच्याकडे आले.

डक्टची खिडकी उघडली आणि मलासुद्धा वास आला. सुकट. तव्यावर नुकती परतलेली, लसूण आणि तिखट घातलेली.

श्रीनिवासरावांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, बघा, घर बंद आहे तरी येतो, भिंतीत मुरलाय. रंगरावांनी डोळे मिटले. या वेळी श्वासाचा आवाज झाला नाही. त्यांनी ओव्हाळांच्या दाराच्या फटीशी वाकून हुंगलं आणि मान हलवली. मग ते जिना चढायला लागले. दोन पायऱ्या चढून थांबत, हुंगत, पुन्हा चढत. आम्ही मागे. तिसऱ्या मजल्यावर ते स्वतःच्या दारापाशी थांबले आणि फटीशी वाकले. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी दार उघडलं.

आनंदीबाई स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून जेवत होत्या. ताटात भाकरी, कांदा आणि सुकट. घास हातात तसाच राहिला.

रंगराव खाली बसले, त्यांच्या समोर. त्यांनी विचारलं, केव्हापासून. आनंदीबाई म्हणाल्या, "तुम्ही जेवताना काही म्हणेनासे झालात तेव्हापासून. आमटी केली काय आणि नुसतं पाणी ठेवलं काय, तुमचं आपलं 'ठीक आहे'. मी रडायची मग. एकदा गोदाबाईंकडे भांडं परत द्यायला गेले, त्यांनी पानावर बसवलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले."

तेव्हापासून दर बुधवारी त्या जेवत होत्या. सुकट कॉफीच्या एका जुन्या डब्यात असायची. डबा रंगरावांच्या डोळ्यांसमोर होता आणि नाकाची काही अडचण नव्हती. आठ वर्षांतल्या तक्रारींपैकी कितीतरी बुधवारच्या होत्या, त्या रंगराव संघातून परतल्यावर तपासायचे. ओव्हाळांच्या घरी तेव्हा कुणी असायचंही नाही. हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण उगम कुठे आहे हे आम्हाला आधीच माहीत होतं.

रंगराव उठले. मला मेव्हण्याचा काटा आठवला. ते श्रीनिवासरावांकडे वळून नेहमीच्या स्वरात म्हणाले, "वास आढळला. उगम, माझं घर." मग बायकोकडे बघून म्हणाले, "जेव तू. गार होतंय."

श्रीनिवासराव दारात उभे होते. ताट त्यांच्या समोर होतं. त्यांनी ते पाहिलं, आनंदीबाईंकडे पाहिलं, मग रंगरावांच्या नाकाकडे पाहिलं. "शक्य नाही," ते म्हणाले. "तुमचं ऑपरेशन फसलंय."

हेच ते सभेतही म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं, असंही म्हणाले. रंगरावांनी निकाल वाचून दाखवला आणि स्वतःच्या घराचा संबंध आला म्हणून पदाचा राजीनामा दिला. मग मी ठराव मताला टाकला. बेलसऱ्यांच्या स्वयंपाकघराला मनाई करायची असेल त्यांनी हात वर करावेत, असं मी मुद्दाम म्हटलं. एकही हात वर आला नाही. श्रीनिवासराव चष्मा पुसत होते.

सभा संपल्यावर मी गोदाबाईंना जिन्यात गाठलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. आठ वर्षं त्यांच्या दाराशी येऊन लोक नाक मुरडून गेले, आणि निम्म्या वेळा चूल वरच्या मजल्यावर पेटलेली होती. तुम्ही एका शब्दाने का बोलला नाहीत, असं मी विचारलं. मला रडू येत होतं.

"आम्हाला ते नावं ठेवणारच होते, बाई," गोदाबाई म्हणाल्या. "बोलले असते तर ती बिचारी उपाशी राहिली असती. त्यात आमचं काय वाचणार होतं?"

आता बुधवारी रंगराव पेन्शनर संघाला जात नाहीत. ते सुकट खात नाहीत, पण आनंदीबाई जेवतात तेव्हा समोर बसतात आणि लसूण जास्त झालाय का ते सांगतात. नाक रोज धुतात.

श्रीनिवासरावांची तक्रार मात्र पूर्ण थांबली. डक्टमधून पूर्वीइतकाच वास येतो, बुधवारचाही आणि रविवारचाही. जिन्यात भेटले की ते म्हणतात, हल्ली काही येत नाही बुवा. दोन महिने असं गेल्यावर त्यांना भीती वाटायला लागली. रंगरावांच्या नाकातलं मांस आपल्याला तर लागलं नाही ना, असं त्यांनी मला विचारलं. मग तपासून घ्यायचं ठरवलं आणि शनिवार पेठेतल्या डॉक्टरांनी पुन्हा तेच नाव सांगितलं. साक्षीदार असावा म्हणून त्यांनी मला सोबत नेलं.

हिराताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. पॉलिप संसर्गाने होत नाही, हे आधी सांगितलं. मग नाकात औषध मारून दुर्बीण घातली आणि दोन्ही बाजू सावकाश पाहिल्या, आत, वर, अगदी टोकापर्यंत. पडद्यावर गुलाबी, ओलसर, मोकळी वाट दिसत होती. त्यांनी कॉफीची पूड आणि लवंग हुंगायला दिली. श्रीनिवासरावांनी दोन्ही बरोबर ओळखल्या.

"मग तो वास का येत नाही?" त्यांनी विचारलं.

हिराताईंनी दुर्बीण पुसून ठेवली. "नाकात काहीही वाढलेलं नाही, काका," त्या म्हणाल्या. "नाक पहिल्यापासून उत्तम आहे."